नुकसान झाल्याची तारीख

१२ जुलै, शनिवार

ही डायरी कंपनीनं दिलेली. मागच्या वर्षी रिसोडमधून सगळ्यात जास्त घरविमे मी काढले, म्हणून एक डायरी अन् एक स्टीलचा डबा मिळाला. डब्यात पोहे भरले, डायरी कोरीच पडली होती. आज लिहायला घेतली, कारण माझ्या हातचा पहिला क्लेम आला. अन् तो शेजारच्याच घरातून आला.

सकाळी नसीमभाभी कुंपणावरून म्हणाल्या, "ताई, जरा येता का? भिंतीले कायतरी झालं." ही बाई अशी की घराला आग लागली तरी 'जरा धूर होऊन राह्यला' म्हणेल. मी लगेच गेले. त्यांच्या मागच्या खोलीत दुआ झोपते, त्यांची दहा वर्षांची पोरगी. तिच्या उशाशी लोखंडी कपाट आहे. कपाटाच्या मागून निघून तडा थेट छताला भिडला होता. करंगळी घातली तर आत गेली, अन् डोळा लावला तर बोळीतला उजेड दिसला.

फय्याजभाई वेल्डिंगच्या दुकानात निघाले होते. म्हणाले, "भाभी, राहू द्या ना. पावसाचे दिवस हायेत. मी सिमेंट मारतो."

मी म्हटलं, "राहू कायले द्यायचं? हप्ता भरला ना तुमी? मंग? त्यासाठीच तर असते विमा."

मागच्या सप्टेंबरात मीच त्यांच्या दिवाणावर बसून सांगितलं होतं, घराले काईबी होऊ द्या, कंपनी बसली आहे. त्यांनी एक ओळ न वाचता सही केली होती, भाभी म्हणते म्हणजे झालं म्हणून. आता हा क्लेम पास झाला की सगळी वस्ती पाहील. खोटं कशाला बोलू, भिंत पाहून वाईट वाटलं, पण पोटात आनंदही झाला.

घरी येऊन मामाजींना सांगितलं. मामाजी म्हणजे माझे सासरे, माणिकराव. पाटबंधारे खात्यात मिस्त्री होते, धरणावर उभी हयात गेली. पिंपळाखाली खुर्ची टाकून चहा पीत होते. मला म्हणाले, "छतापर्यंत गेला?" मी हो म्हटलं, तर चहा अर्धा टाकून उठले. परवाच पौर्णिमेला त्याच घरी चहा पिऊन आले होते. दर पौर्णिमेला जातात, साखर वाढलेली असून. नसीमभाभींचा चहा गोडमिट्ट असतो, म्हणून आवडत असेल. वय झालं की माणूस जरा जरा गोष्टीला दचकतो.

१३ जुलै, रविवार

फॉर्म भरायला बसले. सगळं सोपं होतं, एका रकान्यात अडले. नुकसान झाल्याची तारीख.

नसीमभाभी फय्याजभाईंकडे पाहायला लागल्या अन् फय्याजभाई पंख्याकडे. मग मीच लिहिलं, १० जुलै. त्या दिवशी पाऊस लय झाला होता. कारण लिहिलं, अतिवृष्टीने जमीन अचानक खचली.

घरी येऊन पॉलिसीचं पुस्तक उघडलं. आग, वादळ, पूर, जमीन खचणे, हे सगळं मिळतं. त्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात काय मिळत नाही ते. हळूहळू होणारी झीज, ओल, जुने तडे, झाडांच्या मुळांमुळे कालांतराने होणारे नुकसान. तीन वर्षं झाली मी ही पॉलिसी विकते. हे पान आज पहिल्यांदा वाचलं. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी वाटली.

मान वर केली तर खिडकीत आमचा पिंपळ. फय्याजभाईंच्या भिंतीपासून पंधरा फूटही नाही. पॉलिसी काढताना फॉर्मात प्रश्न होता, घराजवळ मोठं झाड आहे का. मी 'नाही'वर खूण केली होती. त्यांच्या अंगणात झाड नाहीच. आमच्या अंगणात आहे.

अन् हे झाड म्हणजे नुसतं झाड नाही. माझ्या सासूबाईंनी, लिलाबाईंनी, २००७ साली बुद्धगयेहून दोन पानांचं रोप मांडीवर धरून रेल्वेनं आणलं. त्या जाऊन सहा वर्षं झाली. बुद्धपौर्णिमेला अर्धी वस्ती आमच्या अंगणात वंदनेला जमते. फांदी छाटायची तरी मामाजी भंतेजींना विचारतात.

सतीशला सगळं सांगितलं. ते एसटीत कंडक्टर, हिशोबी माणूस. म्हणाले, "सपना, मूळ भिंतीत शिरलं असन तर?"

मी म्हटलं, "तुमाले दिसलं का मूळ? नाही ना? मंग बसा चूप."

१६ जुलै, बुधवार

कंपनीचा फोन आला. सर्व्हेअर अकोल्याहून शनिवारी येणार. उदयसिंग राठोड नाव आहे. मी विचारलं कडक आहेत का. ऑफिसातली पोरगी हसली, म्हणाली, "ताई, ते भिंतीलेही विचारतात."

१८ जुलै, शुक्रवार

दार लावून लिहायला बसले आहे.

उद्या साहेब येणार म्हणून दुपारी नसीमभाभींकडे खोली आवरायला गेले. कपाट सरकवलं तर तडा पूर्ण मोकळा दिसेल, फोटो चांगला निघेल, एवढाच विचार. दोघींनी मिळून ओढलं.

मागं काचा होत्या. बोटाएवढ्या रुंद पट्ट्या, तड्यावर आडव्या बसवलेल्या, दोन्ही टोकांना सिमेंटचे गोळे. एकाखाली एक अशा सात. प्रत्येकीवर काळ्या रंगानं बारीक तारीख अन् 'मा.' अशी सही. सगळ्यात वरची ३-७-२३ ची. सगळ्यात खालची १०-७-२५ ची. सातही मधोमध फुटलेल्या.

अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर गॅसचा नंबर त्याच अक्षरात आहे.

"हे काय, भाभी?"

"काका लावतात. तडा वाढला का काच फुटते म्हणे. धरणावर असंच करत. दर पौर्णिमेले येऊन पाह्यतात. फुटली असली तर नवी लावतात."

"अन् मले कोणी सांगितलं नाही?"

"तुमाले वाटलं ते चहाले येतात. काका म्हणाले, वाटू द्या."

"पॉलिसी काढली तेव्हाबी होता तडा?"

"होता ना ताई. तुमी विचारलंच नाही."

मी तिथंच पलंगावर बसले. एखाद्या गोष्टीचा इतका पक्का पुरावा कोणी आपल्याच हातानं करून ठेवतं का? सरकारी माणूस, घरातही तारीख टाकल्याशिवाय राहवत नाही! दोन वर्षांचा हिशोब भिंतीवर मांडलेला. राठोड साहेबांना काही विचारायचीही गरज नव्हती, नुसतं वाचलं असतं.

पोळी उलटायचा सराटा मागवला अन् सातही काचा खरवडून काढल्या. सिमेंटचे गोळे हातोडीनं उडवले. खड्ड्यांत पुट्टी भरली, वरून जुनी धूळ चोळली. नसीमभाभी काचा पेपरात गोळा करत होत्या. एकदाच बोलल्या, "काकांनी विचारलं तर?"

"मी सांगते त्याह्यले."

सांगितलं नाही अजून. मामाजी विहारातून आले, जेवले, झोपले. चोरी केली म्हणावं तर चोरी नाही. मी काही माझ्यासाठी करत नाही. त्या लोकांची भिंत उभी राहावी म्हणून करते. पण मग दार लावून कशाला लिहिते, ते काही कळत नाही.

१९ जुलै, शनिवार

झालं! चांगलं झालं.

राठोड साहेब चाळिशीचे, शांत. टॉर्च मारून भिंत पाहिली, बोळीत शिरले, फोटो काढले. बोळीतून मान वर करून म्हणाले, "पिंपळ कोनाचा?"

सतीश म्हणाले, "आमचा."

मी मध्येच बोलले, "साहेब, झाड जुनं आहे, तडा नवा आहे." असं कसं सुचलं मला, कोण जाणे. साहेब पण हसले.

फय्याजभाईंना तारीख विचारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाले, "भाभीनं लिहिली तीच." मग नेमके मामाजी आले. मी त्यांना पाच वाजेपर्यंत विहारात थांबा म्हणून सांगितलं होतं, तरी साडेतीनलाच हजर. खोलीत येऊन भिंतीकडे पाहिलं. पुट्टीच्या एकेका डागावर त्यांची नजर फिरली, वरून खाली, सातही.

साहेबांनी विचारलं, "बाबा, तुमी शेजारी. तुमच्या पाहण्यात हा तडा कधीचा?"

मामाजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाले, "सुनेनं लिहून देल्लं ना, साहेब? मंग तेच." अन् निघून गेले.

साहेब सामान भरताना म्हणाले, "जमीन अचानक खचली असन तर जेवढी बसायची तेवढी बसली आता. आणखी काही होत नाही. तडा भरून घ्या, खोली वापरा. मी रिपोर्ट टाकतो."

नसीमभाभींनी लगेच दुआचं दप्तर त्या खोलीत नेऊन ठेवलं. गेला आठवडाभर पोरगी समोरच्या खोलीत झोपत होती, कुरकुरत होती.

२० जुलै, रविवार

मामाजी रागावतील असं वाटलं होतं. सकाळी नेहमीसारखं पंचशील म्हणायला बसले. तीन शीलं म्हटली, चौथं सोडून एकदम पाचवं म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं. इतकी वर्षं रोज म्हणतात अन् आज विसरले. डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

२४ जुलै, गुरुवार

आता मात्र हद्द झाली.

संध्याकाळी पाहते तर मामाजी गादी गुंडाळून काखेत घेऊन चालले. कुठं? फय्याजभाईंकडे. "तठी हवा येते. दुआ समोर आईपाशी झोपन, मी मागच्या खोलीत झोपतो."

"मामाजी, आपल्या घरी हवा नाही का? लोक काय म्हणतील? सून सासऱ्याले ठेवत नाही म्हणतील!"

"म्हणू दे."

फय्याजभाई दारात उभे होते. त्यांनी गादी हातातून घेतली अन् आत नेली. एका शब्दानं नाही म्हटलं नाही. मी सतीशवर ओरडले, वडील तुमचे, तुमी काहून गप्प? ते म्हणाले, "बाबांनी काही ठरवलं असन." ठरवलं काय, माझ्या नावावर रुसले, दुसरं काय. रुसायचंच होतं तर घरात रुसायचं.

३० जुलै, बुधवार

ऑफिसातून कळलं, रिपोर्ट चांगला गेला. जमीन खचल्याचं कारण मान्य झालंय, पंधरा-वीस दिवसांत मंजुरी येईल. वस्तीत बातमी आपोआप पसरली. भिवाजी मास्तरांनी आज स्वतः बोलावून फॉर्म भरला. म्हणाले, "क्लेम मिळवून देणारी एजंट पाह्यजे बाप्पा, विकणारे लय हायेत." दोन बायांनी उद्या यायला सांगितलं आहे.

तीन वर्षं उन्हातान्हात दारोदार फिरले, कुत्रे अंगावर घेतले. आज पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी केलं.

मामाजी अजून तिकडेच झोपतात. सकाळी येतात, आंघोळ, चहा, पिंपळाला पाणी. भर पावसाळ्यात झाडाला पाणी!

४ ऑगस्ट, सोमवार

संध्याकाळी मामाजींना बोलावून आणायला मुद्दाम गेले. ते पलंगावर पाय वर घेऊन बसले होते, भिंतीकडे तोंड करून. पुट्टीच्या डागांमध्ये दोन नव्या काचा. एकीवर २४-७-२५, दुसरीवर ३१-७-२५. दोन्ही फुटलेल्या. भरलेल्या सिमेंटात तडा परत उघडला होता, अन् आता नुसती करंगळी नाही, अंगठा गेला असता.

"काचा पुन्हा लावल्या तुमी?"

"हाव."

"फुटल्या म्हणून कळतेच ना मंग. झोपता कायले इथं?"

"काचेचा आवाज येत नाही, सपना. माणूस पाह्यजे जवळ."

"साहेब म्हणाले ना, बसलं आता म्हणून!"

"तू सांगतलं तेच साहेब म्हणाले." हे त्यांनी रागानं नाही म्हटलं. रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते.

मी म्हटलं, "मामाजी, पंधरा दिवस. मंजुरी आली की भिंत पाडून नवी बांधू. तोपर्यंत खोली बंद ठेवू. चला घरी."

"बंद ठेवली तर फय्याज विचारन काहून. साहेबांनी वापरा म्हटलं. मी काय सांगू त्याले?"

मी घरी आले. भाजी करपली. आमच्या पोरीला विनाकारण रागावले.

६ ऑगस्ट, बुधवार

दिवसभर पाऊस. दर अर्ध्या तासानं कुंपणापाशी जाऊन भिंत पाहिली. बाहेरून काही दिसत नाही. तेच तर वाईट आहे.

हिशोब मांडून पाहिला. खरं सांगितलं तर क्लेम गेला, फय्याजभाईंची भिंत गेली, माझं एजंटचं काम गेलं, नाव गेलं. भिवाजी मास्तर गावभर सांगतील, खोटारडी निघाली. गप्प राहिले तर फक्त पंधरा दिवस. कोणाचं काही जात नाही. फक्त पंच्याहत्तर वर्षांचा म्हातारा त्या भिंतीखाली झोपतो, अन् तो माझा सासरा आहे. अन् तो उठत नाही, उठणार नाही, मी गप्प आहे तोवर. एवढं आता माझ्या मठ्ठ डोक्यात शिरलं. तो रुसवा नाही.

सतीशला विचारलं काय करू. ते तिकिटाची बॅग पुसत होते. म्हणाले, "तू काचा काढल्या तेव्हा मले विचारलं होतं का?"

लय लागलं मला ते. पण खरं होतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

राठोड साहेबांना फोन केला. आधी तीनदा लावून कापला. चौथ्यांदा त्यांनीच उलटा केला.

"साहेब, मी काचा काढल्या."

"कोणत्या काचा?"

सगळं सांगितलं. पट्ट्या, तारखा, सराटा, पुट्टी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पहिली तारीख कोणती होती?"

"तीन जुलै तेवीस."

"ताई, पुढच्या आठवड्यात मंजुरी निघत होती. आता कायले सांगता?"

"माझे सासरे तिथं झोपतात, साहेब. काचा अजून फुटून राह्यल्या."

त्यांनी गाडी बाजूला घेतल्याचं कळलं. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, "म्हणजे मी तुमच्या भरवशावर सांगितलं खोली वापरा, अन् तुमाले माहीत होतं? लहान पोरगी आहे ना त्या घरात? आधी त्याह्यले बाहेर काढा. आत्ता. मी मंगळवारी येतो."

मी तशीच अनवाणी गेले. मामाजींना सांगितलं, साहेबांना सगळं सांगितलं म्हणून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं अन् गादी गुंडाळायला घेतली. गुडघ्यामुळे त्यांना वाकता येईना, मग मीच गुंडाळली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

साहेबांनी दोन मजूर आणले. बोळीत भिंतीच्या पायाशी खणलं. तीन फुटांवर सापडलं, मांडीएवढं मूळ. पायाच्या दगडाखाली शिरून दगड वर उचललेला. साहेब म्हणाले काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यात हे मूळ पाणी ओढते अन् जाडही होते, म्हणजे भिंत दोन्हीकडून मरते. मी आधी ऐकलं, मग बाजूला जाऊन उभी राहिले.

मामाजींनी खड्ड्यात वाकून मुळावर हात ठेवला. सासूबाईंनी मांडीवर आणलेलं ते दोन पानांचं रोप.

खोलीला कुलूप लावलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी अकराला आवाज झाला. एखादा ट्रक मुरूम टाकतो तसा. मी पळत गेले.

मागच्या खोलीचा कोपरा आत पडला होता. विटा, छताचा तुकडा, कपाट आडवं. पलंगाचं उशाकडचं टोक विटांखाली, दोन पाय मोडलेले. घरात नसीमभाभी एकट्याच, स्वयंपाकघरात. दुआ शाळेत. कोणाला खरचटलं नाही.

नसीमभाभींनी माझं मनगट धरलं ते अर्धा तास सोडलंच नाही. तोंडानं एकच, "दुआ शाळेत हाय ना? शाळेतच हाय ना?" मी म्हटलं हाव भाभी, शाळेतच आहे.

दहा दिवस. मी दहा दिवस आधी फोन केला. मी फक्त एवढंच पुन्हा पुन्हा मोजते आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पत्र आलं. क्लेम नामंजूर. कारण, शेजारील आवारातील पिंपळाच्या मुळांमुळे दोन वर्षांहून अधिक काळ हळूहळू झालेले नुकसान. दुसरं पत्र माझ्या नावाचं, चौकशी होईपर्यंत काम थांबवा. ते अपेक्षितच होतं. भिवाजी मास्तरांचा फॉर्म मी आधीच परत करून आले होते.

संध्याकाळी आम्ही तिघं फय्याजभाईंकडे गेलो. पत्र मीच वाचून दाखवलं. माझी माफी मागायची पूर्ण तयारी होती. म्हटलं, "फय्याजभाई, मले काय बोलायचं ते बोला. चूक माझी आहे."

ते माझ्याकडे वळलेच नाहीत. पंधरा वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. आज मामाजींसमोर उभे राहिले, अन् आवाज चढला नाही, फाटला.

"काका, तुमी दर महिन्याले आले. काच पाह्यली, तारीख टाकली, चहा पेले अन् गेले. दोन वर्षं माही पोरगी त्या भिंतीखाली झोपली. एकदा तरी म्हणाचं होतं, फय्याज, पोरीले हलव. धरणावरचे माणूस तुमी. मी म्हटलं काकाले समजते, काका सांगन. मी वाट पाहून राह्यलो होतो, काका!"

मामाजी म्हणाले, "मले वाटे, तू म्हणशीन, झाड तोडा. तू म्हटलं असतं तर मी त्याच दिवशी..."

"मी?" फय्याजभाई म्हणाले. "मी म्हणू? मी कसा म्हणू, काका?"

नसीमभाभींनी त्यांचा दंड धरला. मामाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांनी पुसलं नाही. हात जोडले अन् म्हणाले, "चुकलं माह्यं, बेटा. लिलाचं झाड वाचवत बसलो, अन् तुह्या पोरीकडे पाह्यलं नाही." सतीश खाली मान घालून उभे.

येताना मी सतीशला म्हटलं, बाकी सगळं खरं, पण तोंड तर फय्याजभाईंनाही होतं ना. झाड तोडा म्हणायला त्यांना कोणी अडवलं होतं?

सतीश रस्त्यातच थांबले. म्हणाले, "तुले खरंच समजलं नाही का?"

१४ सप्टेंबर, रविवार

नगरपरिषदेची परवानगी शुक्रवारी मिळाली. अर्ज मामाजींनी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या अक्षरात केला होता. भंतेजींनी झाडाच्या फांद्यांची पाच रोपं करून विहाराच्या मोकळ्या जागेत लावली. म्हणाले, धम्म बुंध्यात अडकलेला नसतो. फय्याजभाईंची भिंत आम्ही बांधून देणार आहोत, मामाजींच्या पेन्शनीतून अन् माझ्या बांगड्यांतून. ते घ्यायला तयार नव्हते. मामाजींनी विचारलंच नाही, विटा आणून टाकल्या.

झाड तोडायला मजूर मिळत होते. गुपचूप तासाभरात काम झालं असतं. पण मामाजींनी काल घरोघरी फिरून सांगितलं, सकाळी दहाला या. अन् मास्तर, दुकानदार, विहारातल्या बाया, पलीकडच्या गल्लीतली पोरं, सगळे आले, मोबाईल घेऊन. मला संताप आला. झाड आमचं, अंगण आमचं, तमाशा कायले करायचा? त्यात फय्याजभाईंना मामाजींनी सकाळीच दुकानात पाठवून दिलं, संध्याकाळपर्यंत येऊ नको म्हणून बजावलं. ज्यांच्यासाठी तोडायचं तेच नाहीत.

मामाजी पांढरा सदरा घालून झाडापाशी उभे राहिले. वंदना झाली. मग लय मोठ्यानं बोलले, गळ्याच्या शिरा फुगवून, शेवटच्या माणसापर्यंत जाईल असं.

"सगळ्यायनं पाहून घ्या. फोटो काढा. हे झाड माह्या बायकोनं लावलं. हे मी तोडून राह्यलो. माह्या हातानं, माह्या मर्जीनं. मले कोणी सांगतलं नाही, कोणी मागतलं नाही. उद्या कोणी दुसरं नाव घेतलं तर तो खोटं बोलते, अन् त्यानं माह्यापाशी यावं."

बोलताना त्यांनी फय्याजभाईंच्या घराकडे एकदाही पाहिलं नाही. विहारातल्या एक म्हाताऱ्या बाई रडायला लागल्या. मागून कोणीतरी काही म्हणायला गेलं, भिवाजी मास्तरांनी त्याला गप्प केलं.

पहिला घाव निसटला. दुसराही. तिसरा बसला. सतीश कुऱ्हाड घ्यायला पुढं झाले तर मामाजींनी हातानं मागं सारलं. मी तोंडावर पदर धरून मोजत होते. अकरा घाव त्यांनी स्वतः मारले, मग कुऱ्हाड सतीशच्या हातात दिली, अन् शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत तिथंच उन्हात उभे राहिले.